जिभेखालच्या गोळीचा प्रवास

आपल्या मंडळातल्या भगिनी आता परगावीच नव्हे, तर परदेशीही जाऊ लागल्या आहेत. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाचे लेक-जावई दुबईला, कुणाची सून लंडनला बाळंत व्हायची. निघताना आपण मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लोणच्याची बरणी असे सगळे आठवणीने बांधून घेतो. पण साठी उलटलेल्या पुष्कळ जणींच्या सामानात आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची बारीकशी गोळी. ही गोळी आली कुठून, तिला एवढे जपावे का लागते, आणि आपल्याकडच्या गोळीला परमुलखात कुणी ओळखत का नाही, हा इतिहास मला फार वेधक वाटला. म्हणून संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा पाककृतीऐवजी हाच विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. धाकटी मुलगी औषधशास्त्राची पदविका करते आहे. तिने पुस्तकांतून वाचून सांगावे आणि मी मराठीत टिपून घ्यावे, असा आमचा दोन महिने पाठ चालला होता.

छातीत दुखणे ही काही आजकालची गोष्ट नव्हे. आपल्या आयुर्वेदात हृद्रोग आहे, हृच्छूल आहे. पण चालताना येणारी आणि थांबले की जाणारी ही जी विशिष्ट कळ, तिचे स्वच्छ वर्णन विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे वाचले. ते १७७२ साली छापून निघाले. माणूस चढ चढू लागला, त्यातही जेवून निघाला असला, की छाती आवळल्यासारखी होते, आता जीव जातो की काय असे वाटते, आणि तो उभा राहिला की सारे निवळते, असे त्याने लिहिले. या दुखण्याला त्याने अँजायना हे नाव दिले. लॅटिनमधल्या त्या शब्दात गळा आवळल्याचा, गुदमरल्याचा भाव आहे. त्याचा एक रोगी रोज अर्धा तास लाकूड करवतीने कापत असे आणि त्यानेच तो जवळजवळ बरा झाला, असेही हेबर्डनने नोंदले आहे. आमच्या सासूबाईंना हे सांगितले तर म्हणाल्या, "मग आम्ही जात्यावर दळत होतो तेच बरे होते म्हणायचे!"

हेबर्डनजवळ औषध मात्र नव्हते. रात्री अफू आणि मद्य, एवढाच त्याचा उपाय. त्याच काळात लंडनला जॉन हंटर नावाचा मोठा शस्त्रवैद्य होता. त्याला स्वतःलाच हे दुखणे होते आणि राग आला की कळ उठे. कुणीही लुच्चा मला चिडवील तर माझा प्राण त्याच्या मुठीत, असे तो म्हणत असे म्हणतात. १७९३ साली इस्पितळाच्या सभेत वादावादी झाली आणि तिथेच तो गेला. एवढा नामांकित वैद्य, पण जवळ ठेवायला त्याच्याकडे काही नव्हते. त्यानंतर अशी वस्तू निघायला आणखी ७४ वर्षे जावी लागली.

ती निघाली एडिंबरोत. थॉमस लॉडर ब्रंटन हा तिथल्या इस्पितळातला अगदी तरुण डॉक्टर होता. एका रोग्याला रोज रात्री कळ येई. रक्त काढले की थोडा वेळ बरे वाटते, हे ब्रंटनने पाहिले आणि विचार केला की रक्ताचा दाब उतरतो म्हणून बरे वाटत असेल, तर दाब उतरवणारे दुसरे काही हुंगवून का पाहू नये? अमिल नायट्राइट नावाचा एक द्रव हुंगला की तोंड लाल होते, नाडी धावते आणि दाब उतरतो, हे तोवर समजलेले होते. त्याने कपड्यावर थोडे थेंब टाकून रोग्याला हुंगवले. एका मिनिटाच्या आत कळ गेली. ही हकीकत १८६७ साली वैद्यकाच्या नियतकालिकात छापून आली. पुढे हा द्रव कापडात गुंडाळलेल्या काचेच्या इवल्या कुप्यांत भरून विकू लागले. कळ आली की कुपी रुमालात घेऊन चिरडायची आणि नाकाला लावायची. छातीच्या कळेवर खिशात घेऊन फिरता येईल असे पहिले औषध ते हेच. वास मात्र उग्र, आणि त्याचा गुण फार थोडा वेळ टिके.

आता खऱ्या गोळीकडे वळते, आणि इथे गोष्ट वेगळ्याच वाटेला जाते. इटलीतल्या तुरीन गावी अस्कानिओ सोब्रेरो नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी ग्लिसरीनवर तीव्र आम्लांची क्रिया करून तेलासारखा एक पदार्थ बनवला आणि १८४७ साली तो जाहीर केला. तोच नायट्रोग्लिसरीन. जरा धक्का लागला की तो फुटे. सोब्रेरोंच्या तोंडाला काचांनी जखमा झाल्या. त्या काळची रसायनवाली मंडळी नवा पदार्थ चाखूनही बघत. त्यांनी किंचित जिभेला लावला तर डोके असे ठणकू लागले की तासन्‌तास थांबेना. आपल्या हातून भलतेच काही निघाले, याची त्यांना पुढे भीतीच वाटत असे.

ही डोकेदुखी अमेरिकेतल्या कॉन्स्टंटाइन हेरिंग या होमिओपॅथी वैद्याच्या कानावर गेली. जे औषध निरोग्याला डोकेदुखी देते तेच रोग्याची घालवते, असे त्या शास्त्राचे म्हणणे. त्याने त्याचे 'ग्लोनोइन' करून टाकले. उन्हाने डोके चढले की आपल्यातल्या काही जणी साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या घेतात, त्या ग्लोनोइनचे मूळ हे असे स्फोटकात आहे. घेणारीला ठाऊक नसेल!

त्या तेलाचा व्यापार केला तो स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलने. तेल मोठे कामाचे. खाणी फोडायला, डोंगरातून आगगाडीचे बोगदे काढायला बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार. पण ते न्यायचे कसे? १८६४ च्या सप्टेंबरात स्टॉकहोमजवळच्या त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल आणि आणखी काही माणसे गेली. १८६६ च्या एप्रिलमध्ये पनामाच्या किनाऱ्यावर हेच तेल घेऊन आलेली आगबोट उडाली. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला एक पेटी गळते आहे म्हणून आत काय आहे ते पाहायला उघडू लागले, तो ती फुटली आणि माणसे मेली. शेवटी नोबेलने हे तेल एका सच्छिद्र मातीत जिरवले. मातीत जिरले की ते धक्क्याला दाद देईना. त्याच्या कांड्या वळता येऊ लागल्या, पेटीत भरून परमुलखी पाठवता येऊ लागल्या. १८६७ साली त्याचा हक्क नोंदला गेला. तेच डायनामाइट. ब्रंटनने रोग्याला अमिल नायट्राइट हुंगवल्याचे छापले, तेही त्याच वर्षी.

मातीत जिरवून ज्याची कांडी झाली, त्याच तेलाची साखरेत जिरवून पुढे गोळी झाली. हे काम लंडनच्या विल्यम मरेलचे. हा डॉक्टर मोठा धीराचा म्हणायचा. नायट्रोग्लिसरीनचे स्पिरिटात एक टक्का द्रावण करून तो तपासणीच्या खोलीत बसला होता. बाटलीचे ओले बूच सहज जिभेला लावले आणि रोगी बघू लागला. थोड्याच वेळात मानेत, डोक्यात, सर्वांगात ठोके पडू लागले. लिहायला घेतले तर प्रत्येक ठोक्यासरशी हातातली लेखणी उडे. घाबरून सोडून देण्याऐवजी त्याने ते पुन्हापुन्हा घेऊन पाहिले, मग दुसऱ्या पस्तीस जणांना दिले. त्यांत बायकाच अधिक होत्या. नाडीवर होणारा परिणाम अमिल नायट्राइटसारखाच, पण जास्त वेळ टिकणारा आहे, असे दिसल्यावर त्याने कळेच्या रोग्यांवर प्रयोग केला आणि १८७९ साली तो छापला. मार्टिंडेल नावाच्या औषधवाल्याने चॉकलेटमध्ये मिसळून त्याच्या वड्या केल्या. एका वडीत ग्रेनचा शंभरावा भाग, म्हणजे आपल्या गुंजेचा सुमारे दोनशेवा भाग औषध. आजही ०.६ मिलिग्रॅमची गोळी निघते, ती याच मापाची पणती.

एवढ्याशा औषधाने छातीत काय होते, हे समजायला मात्र शंभर वर्षे गेली. सर्वांगातल्या शिरा सैल होतात, हृदयाकडे परतणारे रक्त जरा कमी होते आणि त्याच्यावरचा बोजा हलका होतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही रुंदावतात. हे घडवतो तो त्या औषधातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, आणि तो आपल्या रक्तवाहिन्या स्वतःही तयार करीत असतात. हा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे पारितोषिक मिळाले. कोणते? नोबेलचेच. डायनामाइटच्या पैशातून ठेवलेले.

स्फोटकांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची एक गंमत मुलीने वाचून दाखवली. गंमत तरी कशी म्हणू? रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की त्यांची डोकी ठणकत, आणि दोन दिवसांत अंग सरावे. उलट सुट्टीत औषध तुटल्यामुळे काहींच्या छातीत कळा येत. यावरूनच पुढे डॉक्टरांना कळले की हे औषध रात्रंदिवस अंगात राहिले तर अंगाला सवय होते आणि गुण येईनासा होतो.

आता नोबेलचे. हा माणूस जन्मभर परदेशी राहिला. पॅरिसला घर, नंतर इटलीत सान रेमोला घर, घरी बायकोमुले नाहीत. साठीच्या आतबाहेर त्याला हीच छातीची कळ लागली. १८९६ च्या ऑक्टोबरात पॅरिसहून त्याने आपल्या सहायकाला, सोलमानला, पत्र लिहिले: दैवाचा खेळ बघ, डॉक्टरांनी मला पोटात घ्यायला नायट्रोग्लिसरीन सांगितले आहे, आणि औषधवाला व लोक घाबरू नयेत म्हणून ते त्याला ट्रायनायट्रिन म्हणतात, असा त्या पत्राचा आशय. म्हणजे या औषधाला वेगळ्या नावाआड लपवण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे. पुढे दीड-दोन महिन्यांत, १० डिसेंबर १८९६ ला, सान रेमोत मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. चरित्रकार सांगतात की शेवटच्या आजारात त्याला लहानपणच्या स्वीडिश भाषेखेरीज काही बोलता येईना आणि भोवतीच्या नोकरांना ती कळेना. पाच भाषा बोलणारा माणूस! हे ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही. परमुलखात मुलाकडे राहणाऱ्या, मराठीखेरीज काही न येणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे आल्या.

गोळी तयार झाली तरी तिचा हूडपणा गेला नाही. फुटायची सोडली, पण उडून जायची सोडीना. नायट्रोग्लिसरीन कापरासारखे हवेत उडते. कापूस घातला तर कापसात शिरते, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली तर प्लॅस्टिकमध्ये मुरते. वरून गोळी तशीच पांढरी दिसते, आत औषध नाही. ऐन वेळी जिभेखाली ठेवावी तर नुसती साखर! म्हणून १९७२ पासून अमेरिकेत कायदाच झाला की ही गोळी मूळच्या काचेच्या कुपीतच द्यायची. कुपी घट्ट झाकायची, आत कापूस किंवा दुसरी गोळी ठेवायची नाही, उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत ठेवायची नाही. इंग्लंडात तर कुपी उघडल्यापासून आठ आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या टाकून नवीन घ्यायला सांगतात. जिभेखाली फवारा मारायचे औषधही निघाले आहे, ते पुष्कळ टिकते.

आपल्याकडे बहुतेकींच्या पिशवीत असते ती सॉर्बिट्रेट. तिच्यातले औषध आइसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे नायट्रोग्लिसरीनची चुलत बहीण. किंचित सावकाश लागू पडते, पण स्वभावाने शांत. उडून जात नाही, पत्र्याच्या पट्टीत सुखाने राहते. आमच्या उन्हाळ्याला ही चुलत बहीणच बरी.

हे मला कळू लागले ते मस्कतमध्ये. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २०१२ ते २०१७ तिथे होतो आणि सासूबाई आमच्याजवळ होत्या. त्या नऊवारी नेसतात, कमरेला पानाची चंची. डॉक्टरांनी गोळी दिल्यापासून चंचीत सुपारी, कात आणि सॉर्बिट्रेटची पट्टी असे शेजार झाले. एका शुक्रवारी संध्याकाळी मत्राच्या समुद्रकाठच्या रस्त्याने चालताना त्या एकाएकी थांबल्या आणि छातीवर मूठ धरली. बोलल्या नाहीत. बाकावर बसवले आणि गोळी जिभेखाली दिली. यजमान घड्याळ बघत, मी त्यांचा हात धरून. मिनिटे चारच असतील, पण बोटीवरचे दिवे मोजून संपले माझे. मग त्या म्हणाल्या, "गेली गं." तोंड घामाने भिजलेले. पहिले वाक्य काय, तर "चंची पडली का बघ."

त्या वर्षी त्यांचा मुक्काम लांबला आणि गावाहून आणलेल्या पट्ट्या संपत आल्या. रिकामी पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा, हिंदी बरे बोले. त्याने पट्टीवरचे मोठे नाव पाहून मान हलवली, "हे इथे नाही." मग पट्टी उजेडाला धरून खालची बारीक अक्षरे वाचली आणि दुसऱ्याच नावाची डबी काढून पुढे ठेवली. "अम्मा का दवा यही है. नाव कंपनीचे वेगळे, औषध तेच." मोठे नाव गावचे असते, बारीक नाव जगाचे असते, असे तो सहज म्हणून गेला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक औषधाचे बारीक नाव मी वहीत उतरवून ठेवते.

आमच्या आळीतल्या एका वहिनी २०१९ साली अमेरिकेत मुलाकडे गेल्या. गोळ्या मोठ्या पेटीत, आणि पेटी चुकून तिसऱ्या दिवशी आली. तिथे ही गोळी तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत नाही. मुलाने रजा काढून डॉक्टर गाठला. त्यांनी दिली ती काचेची इवलीशी कुपी, ०.४ मिलिग्रॅमची नायट्रोग्लिसरीन. मुलगा चेष्टेने म्हणाला, "आई, हे डायनामाइटमधले." झाले! वहिनी कुपीला हात लावीनात. त्यात आकडा बघून दुसरीच शंका: आपली तर ५ ची होती, ही तर अर्ध्याचीही नाही, मग दहा-बारा घ्यायच्या की काय? आमच्याकडे फोन आला. मुलीने समजावले की ही वेगळी बहीण आहे, हिचे माप वेगळे. आकड्याला आकडा जुळवायचा नाही, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यायची. आणि गोळी फुटत बिटत नाही, औषध नावापुरते आणि बाकी साखर. विमानतळावर स्फोटके हुंगणारी यंत्रे असतात, त्यांना कधी या औषधाचा संशय येऊ शकतो. चिठ्ठी दाखवली की झाले.

तेव्हा जाणाऱ्या भगिनींनी गोळ्या मूळ वेष्टनात, अंगाजवळच्या पिशवीत ठेवाव्या, सामानात टाकू नयेत. पुरतील तेवढ्या घ्याव्या, पण अमेरिकेत साधारण ९० दिवसांपुरत्याच नेऊ देतात, म्हणून अधिक राहायचे तर तिथल्या डॉक्टरची गाठ आधीच घालून ठेवावी. गोळी घेताना बसावे, कारण दाब उतरून भोवळ येते. नंतर डोके दुखले तर घाबरू नये, सोब्रेरोंचेही दुखले होते. सिल्डेनाफिल नावाचे औषध घरात कुणी घेत असेल, आणि फुप्फुसाच्या दुखण्यासाठी ते बायकांनाही देतात, तर त्याच्या बरोबरीने ही गोळी कधीच घेऊ नये. दाब फार खाली जातो. आणि एक गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर वाट बघत बसू नये. अमेरिकेत ९११, इंग्लंडात ९९९, युरोपात ११२, मस्कतमध्ये ९९९९, आपल्याकडे १०८ किंवा ११२ फिरवावा. हे आकडे फोनशेजारी चिकटवून ठेवले तर नातवंडेही फिरवू शकतात.

सासूबाईंसाठी मुलीने एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून दिले होते: नाव, वय, दुखणे काय, औषधाचे बारीक नाव, किती घ्यायची, मुलाचा फोन. त्या केरळी दुकानदाराने पुठ्ठा हातात घेतला, दोनदा वाचला आणि मागच्या बाजूला ते सगळे अरबीत लिहिले. आता त्या गावी असतात. परवा चंची साफ करताना पुठ्ठा निघाला, कात लागून तांबडा झालेला. टाकू का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "राहू दे, मागे मराठी तेवढे लिही."